रांगेच्या टोकाचं अर्धं मिनिट

सप्टेंबर लागला की इथे इंग्लंडात, आमच्या मिल्टन कीन्सच्या लायब्ररीतल्या फळ्यावर तो पिवळा कागद झळकतो. महिन्यातून दोन शनिवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये नाच, सगळ्यांना आमंत्रण, अनुभवाची गरज नाही. एका बाजूला योगासनांच्या वर्गाची जाहिरात, दुसऱ्या बाजूला कुणाचं तरी हरवलेलं मांजर, आणि मध्ये हा कागद. कोपऱ्यात एक नाचणारं जोडपं काढलेलं असतं. दोघांच्या चेहऱ्यावर इतका आनंद असतो की दोघांना धरून बदडावंसं वाटतं. मी पुस्तकं परत करतो, कागद दिसलाच नाही असा आव आणतो, आणि कार सुरू करेपर्यंत मनातल्या मनात आठ आकडे मोजायला लागलेलो असतो.

लोक एखाद्या ऋतूबद्दल लिहितात तेव्हा त्यांचा गळा दाटून येतो. माझा येत नाही. त्या हॉलमध्ये घालवलेला तो शरद ऋतू आठवला की मला आधी वास येतात: वर्षातून पहिल्यांदा लावलेल्या हीटरवर जळणाऱ्या धुळीचा, ओल्या कोटांचा, आणि त्या अगडबंब भांड्यात दोन तास उकळत ठेवलेल्या चहाचा, ज्याला चहा म्हणायला इंग्रज माणसाचंच काळीज लागतं. नंतर आठवतो माझा स्वतःचा आवाज, माइकमधून येणारा. त्याची मला जास्त शिसारी येते.

नाचाचं नाव कॉन्ट्रा. इंग्लंडच्या खेड्यांतला नाच कधीकाळी अमेरिकेत गेला, तिकडे ऐसपैस झाला आणि परत आला, आणि आता इथली मंडळी आपलाच नाच परदेशी पाहुण्यासारखा कौतुकाने नाचतात. प्रकार तसा पोरखेळ. जोड्याजोड्यांनी समोरासमोर दोन लांब रांगा करायच्या. शेजारच्या दोन जोड्या मिळून चौघांचा गट. चौसष्ट मात्रांत चौघांनी काय करायचं ते ठरलेलं असतं: हात धरून गोल फिरा, गिरकी घ्या, पुढे या, मागे जा. चौसष्ट संपल्या की प्रत्येक जोडी एक घर सरकते आणि समोर नवी जोडी येते. रांगेच्या टोकाला पोचलेल्या जोडीसमोर मात्र कुणी उरत नाही. तिने एक फेरी, म्हणजे साधारण अर्धं मिनिट, नुसतं उभं राहायचं आणि मग उलट दिशेने पुन्हा रांगेत शिरायचं. पुढची कृती कोणती ते स्टेजवरून माइकवर सांगणारा एक माणूस असतो, त्याला कॉलर म्हणतात. त्या वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर कॉलर मी होतो.

आम्हाला तिथे नेलं ते मंजिरीने, माझ्या बायकोने. ती नागपूरची, तिथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. माझ्या कंपनीने मला इकडे पाठवलं तेव्हा ती वर्षभराची बिनपगारी रजा घेऊन जानेवारीत माझ्याबरोबर आली. या गावात पायी चालणारा माणूस दिसला तर लोक त्याची कार बिघडली असं समजतात. मी सकाळी कार घेऊन ऑफिसला जायचो आणि ती खिडकीतून समोरच्या राउंडअबाउटभोवती फिरणाऱ्या गाड्या बघायची. फोन कार्डावरची मिनिटं संपेपर्यंत आईशी बोलायची, मग पुन्हा राउंडअबाउट. पिवळा कागद तिनेच आधी पाहिला. शनिवारी तू असाही सोफ्यावर लोळूनच राहतो, म्हणाली, चल, जाऊन तर पाहू.

मार्चपासून जूनपर्यंत आम्ही एकत्र नाचलो. मंजिरीला गिरकी छान यायची. मला येत नसे, पण ती मला फिरवायची आणि वर मीच तिला फिरवतोय असं बघणाऱ्याला वाटू द्यायची. हॉलमधून बाहेर पडल्यावर ती कारपर्यंत हसत यायची. तेवढे चार महिने बरे होते.

मग डोरीनचा घसा गेला. डोरीन म्हणजे तिथली म्हातारी कॉलर, प्राथमिक शाळेतली निवृत्त शिक्षिका, सत्तरीची, जाड भिंगांचा चष्मा. डॉक्टरांनी तिला आवाजाला विश्रांती द्यायला सांगितली, आणि तिने विचारलं की उन्हाळ्याची सुट्टी संपल्यावर कोण करेल. अख्खा हॉल आपापल्या बुटांकडे बघायला लागला. मी हात वर केला. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कुणी विचारायच्या आत हात वर करणारी जी एक जमात असते, त्यातला मी. मंजिरीने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मला वाटलं तिला अभिमान वाटतोय.

कॉलरच्या बायकोला जोडीदार नसतो, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. ती सप्टेंबरपासून भिंतीलगतच्या खुर्चीवर बसायला लागली. कुणी एकटं आलं असेल तर त्याच्याबरोबर उभी राहायची, नाहीतर कपात चहा ओतायला मदत करायची.

आता त्या हॉलमधल्या तज्ज्ञांबद्दल सांगतो, कारण मला त्यांच्यात जायचं होतं. सात-आठ जणांची टोळी. त्यांचे नाचायचे बूट वेगळ्या कापडी पिशवीत, घाम पुसायला टॉवेल, पाण्याच्या बाटल्यांवर नावं. नवखं माणूस रांगेत आलं की ते असा सुस्कारा सोडायचे, जणू त्याच्या हाताला कुष्ठरोग आहे. सोपा नाच पुकारला की पाणी प्यायला जायचे, अवघड पुकारला की परत यायचे. वयाची पन्नाशी ओलांडलेली माणसं, आणि जगात मिळवलेली एकमेव विद्या म्हणजे डावीकडे वळायचं की उजवीकडे. त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलवावी म्हणून मी तीन महिने घालवले. यावर माझ्याकडे कुठलाही खुलासा नाही.

मी नाच लिहायला लागलो. नाच लिहितात म्हणजे एका कार्डावर आठ-आठ मात्रांच्या आठ ओळी लिहितात. प्रोग्रामिंगवाल्या माणसाला हे दारूसारखं आहे. जेवणाच्या टेबलावर मी मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या काढून रांगेत मांडायचो. वाट्या पुरुष, चमचे बायका. मोहरी आणि तिचा चमचा पहिली जोडी, जिरं आणि त्याचा चमचा दुसरी. हळदीची वाटी सरकवून ती आपल्या मूळ चमच्याकडे परत येते का ते बघत बसायचो. मंजिरी गॅसपाशी कढई घेऊन उभी असायची. तेल तापून धूर निघायला लागला की विचारायची, मोहरी मिळेल का, की ती नाचून राहिली अजून.

माझे नाच हुशार होते. तिरपे जाऊन दुसऱ्याच गटातल्या माणसाचा हात धरायचा, मग सावलीसारखं मागे फिरायचं, असले. डोरीन कार्ड हातात घ्यायची, चष्मा कपाळावर चढवायची, आणि पेन्सिलीने तिसरी आणि सहावी ओळ खोडायची. हे कुणासाठी लिहिलंयस, विचारायची. हॉलमधल्या सगळ्यात कच्च्या माणसासाठी लिही. चुकला तरी चौसष्टाव्या मात्रेला तो आपोआप जागेवर आला पाहिजे. आणि तिचा दुसरा नियम असा होता की सोपा नाच म्हणजे ज्यात चौथ्या फेरीपासून कॉलरला गप्प बसता येतं. तोवर पायांना सगळं कळलेलं असतं, मग आपण उगाच कशाला बोलायचं.

मला हे शाळामास्तरणीचं तत्त्वज्ञान वाटलं. गप्प बसायचं तर माइक कशाला दिला? मी पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत बोलायचो. मध्ये विनोदही करायचो.

ऑक्टोबरात नागपूरहून पत्र आलं. प्राचार्यांनी लिहिलं होतं की रजा डिसेंबरअखेर संपते, वाढवून मिळणार नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रुजू व्हा, नाहीतर राजीनामा पाठवा. अकरा वर्षांची नोकरी. मंजिरीने पत्र टेबलावर माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, तू काय म्हणतो? तिला परवानगी नको होती, परवानगी मागणारी बाई ती नव्हे. मी तिला थांब म्हणतोय का, तेवढं तिला ऐकायचं होतं. राहिली असती, इकडे काहीतरी शोधलं असतं. पण कुणीतरी थांब म्हटल्यावर.

मी म्हटलं, बघू. हा सीझन होऊ दे.

आणि ते पत्र ज्यातून आलं त्याच पाकिटाच्या पाठीमागे मी त्या रात्री एक नाच लिहिला. कार्डं संपली होती. माणूस किती खालच्या थराला जाऊ शकतो त्याचे लोक मोठमोठे दाखले देतात. मला एक पाकीट पुरेसं आहे.

दिवाळीत आमच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम. मंडळ म्हणजे कोण, तर पुण्या-मुंबईचे सॉफ्टवेअरवाले, लंडनच्या हाउन्सलोहून आलेले चार पाहुणे, दोन-तीन जुनी कुटुंबं आणि त्यांची इथे वाढलेली मुलं, ज्यांना फराळाची ताटली मागण्यापुरतं मराठी येतं. दरवर्षी तीच गाणी, तेच भाषण, आणि वेळेवर सुरू करण्याबद्दल तीच सूचना, पाऊण तास उशिरा केलेली. सेक्रेटरी देवस्थळी मला म्हणाले, अहो, तुम्ही ते इंग्लिश लोकांना नाचवता ना, आपल्यालाही काहीतरी आइसब्रेकर करा. मी डोरीनलाही घेऊन गेलो. या लोकांना मी कसा ताळ्यावर आणतो ते तिने बघावं अशी माझी इच्छा.

रांग लागायलाच वीस मिनिटं गेली. प्रत्येक नवऱ्याने आधी बायकोकडे पाहिलं, प्रत्येक बायकोने दुसरीकडे. परक्या बाईचा हात धरायचा म्हटल्यावर पुरुष असे आखडले, जणू त्यांना कुणी कोर्टात उभं केलंय. कसंबसं जमलं. बिनसंगीताची तालीमही बरी झाली. संगीत लावलं, पहिली फेरी पार पडली, सगळे एक घर सरकले, समोर नवी जोडी आली, आणि जे व्हायचं ते झालं.

समोर नवा मराठी माणूस आला की आपण पहिली गोष्ट काय करतो? विचारतो.

कुठले तुम्ही? पुणे. पुण्यात कुठे? कोथरूड. अरे, कोथरूडला माझी मावशी असते. अशी एकदम पाच-सहा ठिकाणी चौकशी सुरू झाली. संगीत चाललंय, मी गिरकी म्हणून ओरडतोय, आणि रांगेत बारा जोड्या एकमेकांचे हात तसेच धरून निवांत उभ्या. तिसऱ्या फेरीपर्यंत हाउन्सलोच्या एका काकूंना नाशिकचे व्याही सापडले आणि त्या दोघांनी रांगच सोडली. मी माइकवर म्हणालो, गप्पा नंतर. कुणी ऐकेना. पुन्हा म्हणालो, गप्पा नंतर, आधी डान्स. पाच मिनिटांत दोन रांगांची एक मोठी बडबडती गर्दी झाली आणि देवस्थळींनी जेवण जाहीर केलं.

डोरीन खुर्चीवर बसून हसत होती. चकलीचा तुकडा हातात, डोळ्यांतून पाणी. मला म्हणाली, यांच्यासाठी असा नाच लिही ज्यात पहिल्या आठ मात्रा काहीच करायचं नाही. नवी जोडी समोर आली की नुसतं बोलायचं. मी अपमान झाल्यासारखा तोंड फिरवून उभा राहिलो.

परत येताना कारमध्ये मंजिरी म्हणाली, "दे ना त्यांना आठ मात्रा. लोक तेवढ्यासाठीच येतात रे. स्टेप्सचं घरी काय करतील ते?"

मी तिला डान्स म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तीन राउंडअबाउट होईपर्यंत सांगत होतो. ती खिडकीबाहेर बघत होती.

नोव्हेंबरात तिने दोनदा विषय काढला. एकदा मी म्हणालो, ऑफिसचं काम डोक्यावर आहे. दुसऱ्यांदा म्हणालो, नंतर बोलू.

डिसेंबरातला नाचाचा शेवटचा शनिवार. हॉलमध्ये कागदी झिरमिळ्या, खिडक्यांवर वाफ. त्या दिवसासाठी मी डोरीनचा तो आठ मोकळ्या मात्रांचा नाच खरोखर लिहून नेला होता, आणि तोही केवळ खुन्नस म्हणून. बघ, तुझ्या सांगण्यावरून लिहिलं की किती बाळबोध होतं, हे तिला दाखवायचं होतं. पहिल्या आठ मात्रा समोरच्यांना हॅलो म्हणा, मग हात धरून गोल फिरा, गिरकी घ्या, रांगेने पुढे या, मागे जा, संपलं. पुकारल्याबरोबर तज्ज्ञांची टोळी पाणी प्यायला गेली. बाकी सगळा हॉल उठला. केनेथ म्हणून एक निवृत्त बसड्रायव्हर होता, गुडघ्याला पट्टा बांधलेला, सहसा नुसता बसायचा, तोही उठला. भिंतीपाशी जाऊन त्याने मंजिरीला वाकून विचारलं. ते दोघं रांगेच्या खालच्या टोकाला जाऊन उभे राहिले.

मी आयुष्यात एकच चांगला नाच लिहिला आणि तो द्वेषाने लिहिला. दुसऱ्या फेरीलाच हॉल बदलला. त्या आठ मात्रांत माणसं बोलायला लागली, नावं विचारायला लागली, कुणी कुणाच्या गुडघ्याची चौकशी केली, आणि नवव्या मात्रेला सगळे हात बरोबर पुढे यायचे. कुणी चुकेना. तिसऱ्या फेरीनंतर कुणाला सांगायची गरज नव्हती. चौथी फेरी आली, गेली. मी बोलतच राहिलो.

मंजिरी आणि केनेथ दर फेरीला एकेक घर वर येत होते. ती हसत होती. जूननंतर तिला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. आठव्या फेरीला ते दोघं रांगेच्या वरच्या टोकाला पोचले, बरोबर स्टेजखाली. समोर कुणी नव्हतं. त्यांना आता अर्धं मिनिट थांबायचं होतं. केनेथ गुडघा चोळत उभा राहिला आणि ती वर माझ्याकडे वळली. तीन महिन्यांत मी तिच्यासमोर एका जागी उभा होतो असं ते पहिलं अर्धं मिनिट.

"मी जातेय जानेवारीत," ती म्हणाली. "तू काही म्हणणार असशील तर म्हण. ऐकून राहिला का तू?"

खाली हॉलमध्ये सगळे बरोबर गोल फिरत होते. मी पुढची कृती पुकारली. मग तोंडापुढचा माइक बाजूला न करता तिला म्हणालो, "नंतर बोलू."

ते अख्ख्या हॉलमध्ये घुमलं. मराठीत होतं, कळलं तिला एकटीला. तिने मान हलवली, केनेथने हात पुढे केला, आणि नव्या फेरीच्या पहिल्या मात्रेला ती रांगेत शिरली. बघता बघता एकेक घर खाली गेली.

घरी आल्यावर कोट काढता काढता मी म्हटलं, हं, बोल आता. मला खरंच वाटत होतं की मी तिला वेळ देतोय.

"बोलले ना मी," ती म्हणाली.

भांडण झालं नाही. तिने तिकीट काढलं, मी तिला विमानतळावर सोडलं, ती रुजू झाली. पुढे फोन आठवड्याचे महिन्यावर गेले, आणि दोन वर्षांनी आम्ही कागदांवर सह्या केल्या. डिसेंबरातल्या त्या शनिवारी डोरीन भांडी विसळताना, दुखऱ्या घशाने, हळूच एवढंच म्हणाली होती की चौथ्या फेरीनंतर त्यांना तुझी गरज नव्हती. माइक ठेवून खाली उतरला असतास तरी नाच चालला असता. मराठीचं अक्षर कळत नसताना तिला सगळं कळलं होतं. मी जानेवारीपासून कॉलिंग सोडलं. लोक म्हणाले, आवाज चांगला होता तुझा.

या सप्टेंबरात मी गेलो. का गेलो, ते विचारू नका. कागद होता, शनिवार होता. तज्ज्ञ तसेच आहेत, एकदोघांचे केस गेलेत, सुस्कारा शाबूत आहे. डोरीन दाराशी बसून नावाचे स्टिकर चिकटवते. माझ्या छातीवर स्टिकर लावून तिने मला एका काकूंपाशी नेऊन उभं केलं. त्या आपल्या मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या, सलवार-कमीज आणि पांढरे ट्रेनर्स. कुठले तुम्ही, पुण्यात कुठे, सगळं रांग लागेपर्यंत झालं. मग नवीन कॉलर बाईने पुकारलं, पहिल्या आठ मात्रा समोरच्यांना हॅलो म्हणा. कार्ड डोरीनने जपून ठेवलं होतं.

तिसऱ्या फेरीपर्यंत त्या बाईने सांगितलं. चौथीला ती गप्प झाली, माइक खाली ठेवला आणि खुर्चीवर बसून पाणी प्यायली. कुणी चुकलं नाही.

रांगेच्या वरच्या टोकाला पोचलो तेव्हा काकू धापा टाकत होत्या. आम्ही स्टेजखाली उभे राहिलो.

"आणि मंडळी?" काकूंनी विचारलं.

"नागपूरला असते."

"मग इकडे का नाही आणलंत तिला?"

अख्खं अर्धं मिनिट होतं. "आणली होती," मी म्हणालो. "थांब म्हणायचं राहिलं."

काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग आमची पाळी आली, त्यांनी हात पुढे केला, आणि समोर आलेल्या नव्या जोडीला मी हॅलो म्हणालो.